काठोकाठ भरलेली टाकी

फुंकरताईला फुंकरताई म्हणतात ते ती जेट तोंडाने फुंकून बघते म्हणून. दुसऱ्या गॅरेजांत हवेची नळी लावतात, फुस्स करतात, झालं काम. हिच्याकडेही हवेचा पंप आहे, पण तो टायरपुरता. कार्बोरेटरमधला जेट म्हणजे पितळेचा बोटाच्या पेराएवढा स्क्रू, आणि त्याच्या पोटातून आरपार गेलेलं केसाएवढं भोक. ती तो ओठांत धरते, डोळे मिटते आणि हळूच फुंकते. हवा सरळ गेली की अडखळली, ते ओठांना कळतं म्हणे. पन्नाशीच्या बाईने दिवसभर पितळ चोखत बसावं हे पाहून नवीन गिऱ्हाईक जरा बिचकतं. मग गाडी पहिल्या किकला सुरू होते आणि गिऱ्हाईक गप्प होतं.

तिची दुसरी खोड मात्र गिऱ्हाइकांचा जीव खाते. एका वेळी ती गाडीत एकच गोष्ट बदलते. प्लग साफ केला की गाडी जोडायची, चालवायची, दहा मिनिटं ऐकायची. फरक नाही पडला तर दुसऱ्या दिवशी पेट्रोलचा कॉक, तिसऱ्या दिवशी जेट. शेजारचा गॅरेजवाला हे सगळं एका तासात उघडून, धुऊन, जोडून देतो. ही चार दिवस घेते. कोणी कुरकुर केली की म्हणते, सगळं एकदम धुतलं तर गाडी सुधारेल, पण कशाने सुधारली ते कधीच कळणार नाही. एवढं बोलून ती पुन्हा जेट तोंडात धरते, म्हणजे वाद घालायची सोय उरत नाही.

ही खोड तिला कुठून लागली ते जुन्या लोकांना माहीत आहे. ते विचारत नाहीत.

ती सोळा वर्षांची होती आणि धाकटा बाराचा. त्यांच्या वडिलांचं हेच दुकान होतं. बाबांनी भंगारातून एक छोटी टू-स्ट्रोक डर्ट बाइक दोघांसाठी उभी केली होती, पोरांच्या मापाची, गुडघ्याएवढ्या चाकांची. दुकानाच्या मागून एक मातीची वाट काटेरी झुडपांतून जाते. त्या वाटेवर अर्ध्या मैलावर एक वळण आहे, आणि वळणाच्या पुढे मातीचा मोठा ढिगारा. ढिगाऱ्यापलीकडे कुठेतरी झाडीत दगडाची जुनी खाण आहे, एवढंच पोरांना माहीत होतं. तिथवर कोणी पोचलंच नव्हतं, कारण गाडी वळणावर बंद पडायची. रोज, आणि त्याच जागी. आधी आवाज पातळ व्हायचा, मग दोन उचक्या, मग चिडीचूप. पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, पण तोवर पोरांचा धीर सुटलेला असायचा आणि ती गाडी वळवून घरी यायची.

धाकट्याने त्या जागेला नाव ठेवलं होतं, वळणवाली. वळणवाली मागून सीट धरते, म्हणायचा. हळूच धरते, ओढत नाही, नुसती धरून ठेवते. बघता बघता सगळ्या वस्तीत ते नाव झालं. मोठी माणसंसुद्धा संध्याकाळी तिकडून येताना पाय उचलायला लागली. बाबांच्या कानावर हे आलं तेव्हा ते हसले नाहीत, आणि असलं काही नसतं असंही म्हणाले नाहीत.

एका सकाळी बाबा सामान आणायला बाहेर गेले. हिने ठरवलं, आज आपण बाबांना मेकॅनिक होऊन दाखवायचं. तिने फिल्टर काढला, कॉक उघडला, जेट फुंकले, पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट हलवून पाहिला, एअर फिल्टर झटकला, टाकीचं झाकण चिखलाने भरलं होतं ते घासून धुतलं. सगळं एका दमात. गाडी जोडली आणि आवारात फेऱ्या मारल्या. मग धाकटा बसला. जाताना हेल्मेटमधून म्हणाला, "आज वळणवालीला हरवून येतो."

वळणावर आवाज पातळ झाला नाही. ती शेडच्या दारात उभी राहून ऐकत होती आणि आनंदाने तिला उडी मारावीशी वाटत होती. आवाज वळणापलीकडे गेला, चढत गेला, आणि वर गेल्या गेल्या एकदम तुटला. ढिगाऱ्यामागे दहा पावलांवर खाणीचा कडा होता, आणि खाली पाणी.

बाबांनी गाडी पाण्यातून काढवली आणि दोनच दिवसांत भंगारात घातली. तिला ती बघूही दिली नाही. त्या दिवसाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, ना रागाचा, ना समजुतीचा. आणि तिने आपल्या मनाशी जे धरायचं ते धरलं. कार्बोरेटरच्या गळ्यात एक दट्ट्या असतो, मूठ पिळली की वर जातो, सोडली की खाली येतो. तो उलटा बसला तर वरच अडकतो आणि गाडी सुसाट सुटते. मी तो उलटा बसवला होता का? गेली चौतीस वर्षं ती रोज एकदा तरी ती सकाळ आठवते, दट्ट्या हातात घेते, आणि खाच कुठल्या बाजूला होती ते तिला दिसत नाही. स्थळं आली, गेली. माणसं आली, गेली. हा प्रश्न मात्र घरातल्या माणसासारखा तिच्याबरोबर जेवला आणि झोपला.

बाबा आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं आटलं. दुकानाच्या कोपऱ्यात खुर्चीत बसून असतात. हो, नाही, पाणी, एवढे शब्द उरले आहेत, आणि एक अख्खं वाक्य. गाडी बाहेर निघाली की ते म्हणतात, "टाकी काठोकाठ भर." कोणाचीही गाडी असो. गिऱ्हाइकं हसतात, म्हातारबुवा पेट्रोलपंपवाल्याचे नातेवाईक दिसतात, म्हणतात. फुंकरताई मुकाट्याने कॅन उचलते आणि टाकी भरते. म्हाताऱ्या माणसाची एवढीच हौस राहिली असेल तर पुरवावी.

गेल्या हिवाळ्यात दोन गल्ल्या पलीकडचा शिंपी एक गाडी ढकलत घेऊन आला. छोटी डर्ट बाइक, टू-स्ट्रोक, पोरांच्या मापाची. लिलावात पडून होती ती त्याने अकरा वर्षांच्या लेकीसाठी घेतली होती. लेक पायरीवरून कधी उतरत नाही, उडीच मारते, म्हणून घरात तिला टोळ म्हणतात. शिंप्याचं घर त्याच्या दुकानाच्या वर, जिना शिडीसारखा. गाडी ठेवायची कुठे? शेवटी असं ठरलं की गाडी फुंकरताईच्या मागच्या शेडमध्येच राहील आणि टोळ तिथून चालवेल.

ती गाडी पाहून फुंकरताई दोन पावलं मागे सरली, पण गाडी ती गाडी. दोन वर्षं पेट्रोल आत राहून त्याचा डिंक झाला होता. नेहमीच्या पद्धतीने तिने चार दिवस घेतले. चौथ्या दिवशी छोटा जेट फुंकला, त्यातून हवा शिट्टीसारखी निघाली, आणि गाडी सुरू झाली. कोपऱ्यातून आवाज आला, "टाकी काठोकाठ भर."

पहिल्या दिवशी टोळ आवारात फिरली. दुसऱ्या दिवशी वाटेला लागली आणि वीस मिनिटांनी लाल गाल घेऊन परत आली. पुढे एक मस्त ढिगारा आहे, म्हणाली, आज नुसता बघितला, पण त्यावरून उडी काय भारी बसेल. फुंकरताईच्या हातातला पाना खाली पडला. "तिकडे जायचं नाही," ती म्हणाली. टोळने विचारलं, का? फुंकरताईने तोंड उघडलं, पण चौतीस वर्षांत जे कधी बोलली नव्हती ते एका पोरीपुढे तिच्या तोंडून निघेना. नाही म्हणजे नाही, एवढंच म्हणाली. शिंप्याला विचारलं तर तो म्हणाला, खाणीला तारेचं कुंपण आहे की. कुंपण कधीच कोणीतरी उपटून नेलं होतं, पण शिंपी तिकडे पंधरा वर्षांत फिरकला नव्हता. खुर्चीत म्हातारा डोळे मिटून बसला होता. सगळ्यांना वाटलं, झोपलाय.

तिसऱ्या दिवशी फुंकरताई शेडच्या दारात उभी होती. टोळचा आवाज वाटेने लांब गेला. वळणाशी पोचला. मग पातळ झाला. दोन उचक्या. चिडीचूप.

फुंकरताईने दाराची चौकट घट्ट धरली. झुडपांत वारा नव्हता, एक पाखरू ओरडत नव्हतं. थोड्या वेळाने आवाज पुन्हा सुरू झाला आणि जवळ येऊ लागला, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

"मावशी, वळणावर बंद पडली," टोळ म्हणाली.

चौथ्या दिवशीही पडली, पाचव्याही. टोळ हुशार, तिने जागेवर दगड मांडले होते. तिन्ही दगड पाच पावलांच्या आत. वळणवालीचं नाव त्या पोरीला कोणी सांगितलं नव्हतं, फुंकरताईने ते खोदून खोदून विचारून घेतलं. तरी टोळ सहज म्हणाली, कोणीतरी मागून सीट धरल्यासारखं वाटतं, मावशी. हळूच. मला भीती नाही वाटत.

भीती फुंकरताईला वाटली, पण ती मेकॅनिक होती आणि मेकॅनिकने भुताआधी प्लग बघायचा असतो. प्लग काढला, ठिणगी निळी पडत होती. दुसऱ्या दिवशी टाकीत पेट्रोल किती ते झाकण काढून पाहिलं, मग खालची नळी सोडली, धार जाड आली. तिसऱ्या दिवशी जेट, चौथ्या दिवशी फ्लोट. आवारात गाडी अर्धा अर्धा तास गुरगुरत राहायची, काही व्हायचं नाही. वाटेला लागली की वळणावर गार. फुंकरताईला रात्री जेवण जाईना. हे सगळं तिने आधी एकदा केलं होतं, याच शेडमध्ये, अशाच गाडीवर, आणि सगळं एका सकाळी.

मग टोळ म्हणाली, आता मी दहा मिनिटं थांबत नाही, मावशी. टाकीचं झाकण उघडलं की लगेच सुरू होते.

"झाकण कशाला उघडतेस?"

"पेट्रोल आहे का बघायला उघडलं एकदा. तर गाडीने श्वास घेतला. असा." आणि टोळने तोंड उघडून हवा आत ओढली, पाण्याखाली फार वेळ राहिलेला माणूस वर आल्यावर ओढतो तशी.

फुंकरताई तिथेच खाली बसली. पोरीला वाटलं, मावशीची कंबर धरली. फुंकरताईला मात्र पाणी दिसत होतं, हिरवं आणि गार.

बसल्या बसल्या डोकं चालू लागलं. टाकीतून पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल थोडा वेळ उतरतं, मग टाकीतली हवा विरळ होते आणि पेट्रोल वरच अडून राहतं. झाकण उघडलं की हवा आत घुसते. म्हणून श्वास. आणि ती दर वेळी तपासायला झाकण उघडत होती, म्हणजे बिघाड तिच्या हाताने पळून जात होता आणि नळीतून जाड धार येत होती. आणि जागेवर गुरगुरणाऱ्या गाडीला पेट्रोल लागतंच किती, म्हणून आवारात ती बंद पडत नव्हती. तिने कपाळाला हात लावला. झाकण ओठांशी नेऊन फुंकलं. हवा जाईना. भोकात काहीतरी पिवळट, घट्ट बसलं होतं. तिने तारेने ते टोकरून काढलं. फुंकर आरपार गेली.

त्या दिवशी टोळ वळण ओलांडून ढिगाऱ्यापर्यंत गेली आणि परत येऊन म्हणाली, उद्या उडी. फुंकरताई ओरडली तिच्यावर. पोरगी हिरमुसली, पण तिने का ते विचारलं नाही. एकदा विचारून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी वळणावर बंद पडली. झाकणाचं भोक पुन्हा बुजलेलं. फुंकरताईने ते साफ केलं. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा बुजलेलं. तिने शिंप्याला गाठलं. शिंपी वैतागला, म्हणाला, ताई, मी आयुष्यभर भोकात दोरा ओवतोय, भोकं बुजवायला मला कुठे वेळ आहे. टोळने शपथ घेतली. फुंकरताईने शेडला कुलूप ठोकलं आणि किल्ली दुकानातल्या खिळ्याला टांगली. सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं, आणि भोक बुजलेलं.

कुलपाआड. तिने झाकण हातात धरलं आणि तिची पाचावर धारण बसली. शेडमध्ये गाडी, चार टायर आणि खिळ्याला टांगलेलं टोळचं हेल्मेट, दुसरं काही नव्हतं. हेल्मेटची काच दाराकडे होती. कोणीतरी आत बसून आपली वाट बघतंय असं तिला वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे तिला ते खरं असावंसंही वाटलं. तो असेल तर त्याला विचारता येईल. दट्ट्या अडकला होता का रे?

त्या दिवशी तिने तार घेतली नाही. ते पिवळट काय आहे ते आधी कळायला हवं. झाकण पेट्रोलमध्ये ठेवलं, तासभर. काही विरघळलं नाही. मग चहाचं आधण चुलीवर होतं, त्यातलं गरम पाणी तिने वाटीत ओतलं आणि झाकण त्यात टाकून ब्रशने घासलं.

पाण्याला फेस आला.

साबण. साधा अंगाचा साबण. टाकी गळत असली तर मेकॅनिक वाटेत साबण चोळून भोक बुजवतात, कारण साबण पेट्रोलला दाद देत नाही. पाण्याने मात्र जातो. ती त्या फेसाकडे बघत राहिली आणि तिला दुसरी एक वाटी दिसली, कल्हई गेलेली, चौतीस वर्षांपूर्वीची. चिखलाने भरलेलं झाकण तिने गरम पाण्यात घासलं होतं. तेव्हाही फेस आला होता. तिला तो नीट आठवत होता, कारण तिने मनात आईला नावं ठेवली होती, भांडी धड धूत नाही, साबण तसाच राहतो वाटीला.

त्या झाकणालाही साबण होता. तेव्हाही कोणीतरी तो लावला होता. तेव्हापासून आजपर्यंत या घरात तिच्याखेरीज राहिलेलं माणूस एकच होतं. आणि किल्लीचा खिळा खुर्चीच्या डोक्यावर होता.

तिने झाकण पुसून गाडीला लावलं, कुलूप घातलं, किल्ली टांगली. दुपारी जेवायला म्हणून मागच्या खोलीत गेली आणि ताट न वाढता खिडकीशी उभी राहिली. खिडकीतून शेडचं दार दिसतं.

बाबा काठी टेकत आले. घरात मोरीपर्यंत जायला त्यांना तिचा खांदा लागत असे. इथे ते एकटे आले, डाव्या हाताने कुलूप उघडलं, आत गेले. ती अनवाणी मागे गेली. बाबा गाडीजवळ स्टुलावर बसले होते. त्यांनी झाकण काढलं, बंडीच्या खिशातून साबणाची चीप काढली, जिभेवर ओली केली, बोटांत मळली आणि अंगठ्याने भोकात दाबली. झाकण फिरवून लावलं. मग खिळ्यावरचं हेल्मेट काढून सीटवर ठेवलं, थोडं सरळ केलं, एखाद्या पोराचं डोकं सरळ करावं तसं. आणि गेल्या तीन वर्षांत ज्या तोंडातून एक वाक्य सोडून दुसरं आलं नव्हतं, त्यातून स्पष्ट शब्द आले.

"लांब जाऊ नको," त्यांनी त्या हेल्मेटला सांगितलं.

फुंकरताईच्या तोंडातून हुंदका फुटला. बाबांनी वळून पाहिलं. दचकले नाहीत. त्या क्षणी शेडमध्ये ते दोघंच नव्हते असं तिला वाटलं, आणि ती गोष्ट तिने पुढे कोणाला सांगितली नाही.

"बाबा, तेव्हाही तुम्हीच?"

म्हाताऱ्याने मान डोलावली. टाकी काठोकाठ भरली की आत हवा उरत नाही, मग गाडी लवकर थांबते, नेमक्या अंतरावर थांबते. भरलेली टाकी आणि बुजलेलं झाकण, म्हणजे घरापासून वळणापर्यंतची दोरी. हे तिला आता कोणी समजावायची गरज नव्हती. तिला एकच विचारायचं होतं, आणि ते विचारताना तिचा आवाज सोळा वर्षांच्या मुलीसारखा निघाला.

"दट्ट्या अडकला होता का? मी उलटा बसवला होता?"

बाबा बराच वेळ शब्द शोधत होते. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. ती समोर खाली बसली.

"नाही," ते म्हणाले. "मी बघितली. पाण्यातून काढल्यावर. सगळी उघडली. तुझं काम बिनचूक होतं."

चौतीस वर्षं ती या एका वाक्यासाठी तडफडली होती, आणि ते मिळालं तेव्हा तिला सुख झालं नाही. तिला राग आला, असा राग की त्या लुळ्या हाताला धरून गदागदा हलवावं. मग सांगितलं का नाही, तिने विचारलं. एवढं एक सांगायला काय झालं होतं? मी रोज मेले, बाबा.

"सांगितलं असतं तर..." म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. "तर साबणाचंही सांगावं लागलं असतं. मग तुला कळलं असतं, तो कोणी धुतला."

असं होतं तर. तिला एका चुकीतून वाचवायला त्यांनी तिला दुसरीत जन्मभर ठेवलं होतं, आणि तिकडे बघितलंही नव्हतं.

"पोराला नुसतं सांगायचं होतं," बाबा म्हणाले. "पुढे कडा आहे. पडशील. घाबरून ऐकेल की मुद्दाम जाईल, कळेना. म्हणून बोललो नाही. साबण लावला."

फुंकरताईला टोळचा प्रश्न आठवला. का? आणि स्वतःचं उत्तर. नाही म्हणजे नाही. दोघं बाप-लेक त्या गाडीशेजारी बसून राहिले, बाहेर दुपार टळेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी टोळ आली तेव्हा फुंकरताईने गाडी काढू दिली नाही. चल, पायी जाऊ, म्हणाली. ती वाट तिने चौतीस वर्षांत तुडवली नव्हती. झुडपं वाढली होती, वळण मात्र होतं तिथेच होतं. टोळचे दगड तिथे मांडलेले होते, एकापुढे एक. मागून कोणीतरी हळूच पदर धरलाय असं तिला वाटलं. तिने मागे पाहिलं नाही आणि पदर सोडवलाही नाही, तशीच चालत राहिली. ढिगाऱ्यावर चढून तिने पोरीचा दंड घट्ट धरला आणि तिला पलीकडचं दाखवलं. तारेचे दोन गंजलेले खांब, मग काही नाही, आणि खूप खाली हिरवं पाणी. टोळने एक दगड टाकला. आवाज यायला वेळ लागला.

मग तिने सांगितलं. धाकट्याचं, साबणाचं, आणि स्वतःचंही. सांगताना तिला रडू आलं, तिने ते लपवलं नाही. टोळ ऐकत होती. एकदाच तिने विचारलं, मग मागून सीट कोण धरतं? ते मलाही ठाऊक नाही, फुंकरताई म्हणाली.

परत येऊन तिने गरम पाणी केलं, झाकण धुतलं, फुंकून पाहिलं आणि गाडीला लावलं. कॅन उचलला तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला, "टाकी काठोकाठ भर."

"निम्मीच भरते, बाबा," ती म्हणाली. "तिला सांगितलंय सगळं."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग डावा हात बंडीच्या खिशात घातला आणि साबणाची चीप तिच्या तळहातावर ठेवली. बोटांच्या खुणा असलेली, झिजून नखाएवढी झालेली.

टोळने किक मारली. गाडी वाटेला लागली. फुंकरताई खुर्चीशेजारी उभी राहिली आणि दोघं ऐकू लागली. आवाज लांब गेला. वळणाशी पोचला. पातळ झाला नाही. वळणापलीकडे गेला, ढिगाऱ्याकडे, चढत चढत, आणि फुंकरताईची मूठ साबणावर आवळली. मग आवाज खाली आला. पण तो बंद पडणाऱ्या गाडीचा नव्हता. कोणीतरी आपल्या हाताने मूठ सैल केली होती, ब्रेक लावला होता, गाडी फिरवली होती. आवाज वळून घराकडे निघाला.

खुर्चीतल्या म्हाताऱ्याने तेव्हा श्वास आत ओढला, फार वेळाने झाकण उघडलेल्या टाकीसारखा, आणि तो संपता संपेना.